ताब्याला चोरी म्हणू नका

गेल्या वर्षी एका तासाला मागच्या बाकावर चाललेला खेळ मी थांबवला आणि एका विद्यार्थ्याकडचा पत्त्यांचा कॅट जप्त केला. पत्ते नेहमीचे नव्हते. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाची ती साठ कार्डे होती, प्रत्येक कार्ड स्वतंत्र पारदर्शक पाकिटात जपलेले. तास संपल्यावर तो मुलगा स्टाफरूमपर्यंत मागोमाग आला आणि अजिजीने म्हणाला, “सर, माझा असता तर काही म्हटलं नसतं. पण कॅट मित्राचा आहे.” मी शिक्षकी खाक्याला जागून तो आठवडाभर ठेवून घेतला. त्या आठवड्यात, आधी कुतूहलाने आणि मग बऱ्याच चिकाटीने, मी ती कार्डे आणि त्यांच्यामागचे नियम वाचून काढले.

कॅट परत करताना मी सहज विचारले, की तुमच्यात कोणती कार्डे खेळलेली खपत नाहीत? उत्तर तयार होते : “दुसऱ्याचं चोरणारी.” प्रतिस्पर्ध्याचे कार्ड आपल्या बाजूला ओढणारे पत्ते कुणी कॅटमध्ये घालायचेच नाहीत, असे त्यांच्या कंपूने आपसांत ठरवून टाकले होते. हा निवाडा त्या कंपूपुरता असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो. पण हा खेळ जिथे खेळला जातो तिथे हा सूर ऐकू येतो. आणि (हे मला अधिक गंभीर वाटते) आपल्या साहित्याच्या वर्गांतही त्याच चुकीची एक प्रतिष्ठित आवृत्ती शिकवली जाते. ताबा आणि मालकी यांत फरक न करण्याची ही चूक. माझे म्हणणे असे, की ताबा बदलणारी कार्डे ही या खेळातली सर्वांत प्रामाणिक कार्डे आहेत, त्यांना चोरी म्हणणे हा वाचनातला आळस आहे, आणि ज्यांचा व्यवसायच वाचन आहे त्यांनी तरी तो करू नये.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ अमेरिकेतील ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. दोन खेळाडू आपापला कॅट घेऊन बसतात, प्रत्येकाजवळ २० ‘लाइफ’ असतात, आणि ‘माना’ नावाची शक्ती खर्चून कार्डे खेळत समोरच्याचे लाइफ शून्यावर आणायचे असतात. कार्डे जिवांची, वस्तूंची, मंत्रांची असतात. बुद्धिबळातला घोडा कसा चालतो हे घोड्यावर लिहिलेले नसते; इथे मात्र मोहऱ्याचा कायदा मोहऱ्यावरच छापलेला असतो, आणि दोन कार्डांच्या कायद्यांत तंटा झाला तर तो सोडवायला शेकडो पानांचे नियमपुस्तक असते. म्हणजे हा मुळातच वाचनाचा खेळ आहे. ज्याला वाक्य नीट वाचता येत नाही तो इथे हरतो.

या नियमपुस्तकाने दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत : ‘ओनर’ आणि ‘कंट्रोलर’. पहिल्याला मराठीत मालक म्हणता येते. दुसऱ्याला शब्द शोधताना गंमत होते. ‘ताबेदार’ म्हणावे तर मराठीत त्याचा अर्थ नेमका उलटा, दुसऱ्याच्या ताब्यात असलेला. म्हणून आपण ‘ताबाधारक’ म्हणू. कार्डाचा मालक म्हणजे डाव सुरू होताना ज्याच्या कॅटमध्ये ते होते तो. ताबाधारक म्हणजे रणांगणावर या क्षणी ते कार्ड ज्याच्या बाजूने उभे आहे, त्याने हल्ला करावा की थांबावे हे जो ठरवतो तो. एरवी दोघे एकच असतात आणि फरक जाणवतही नाही. ताबाबदलाचे कार्ड खेळले गेले, की दोन वाटा फुटतात. मालकी मात्र हलत नाही. ते कार्ड मेले, कुणी परत हातात पाठवले, कॅटमध्ये मिसळायला लावले, तर ते मालकाच्याच स्मशानात, मालकाच्याच हातात, मालकाच्याच कॅटमध्ये जाते. दुसऱ्याचे कार्ड ताबाधारकाच्या स्मशानात कधीही पडत नाही.

याखाली आणखी एक थर आहे. नियमपुस्तक स्पष्ट सांगते, की बाजारातल्या कायद्याने कार्ड कुणाचे आहे याच्याशी खेळाच्या नियमांना देणेघेणे नाही (एक जुना अपवाद सोडून, त्याकडे पुढे येतो). म्हणजे मित्राचा कॅट घेऊन बसलेला माझा विद्यार्थी डावापुरता त्या साठही कार्डांचा मालक होता. आणि आठवडाभर ती माझ्या कपाटात होती तेव्हा माझ्याकडे निव्वळ ताबा होता. कायद्याने मित्र मालक, खेळाने हा मालक, ताबा माझा. या तिन्ही नात्यांना आपण ‘माझे’ हा एकच शब्द पुरवतो, आणि मग गोंधळ झाला की भांडतो.

तर मग चोरीचा आरोप येतो कुठून? बहुतांशी कार्डांच्या नावांतून. १९९३ च्या पहिल्याच संचात ताबा घेणारी दोन निळी कार्डे होती : जीव ताब्यात घेणारे ‘कंट्रोल मॅजिक’ आणि वस्तू ताब्यात घेणारे ‘स्टील आर्टिफॅक्ट’. दुसऱ्याच्या नावातच चोरी. पुढे ‘ब्रायबरी’ आणि ‘ट्रेचरी’ ही दोन्ही १९९९ ची, ‘अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन’ २००९ चे, ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’ २०१९ चे. लाच, दगा, फितुरी, चोर : फौजदारी गुन्ह्यांची यादीच. पण शीर्षक आणि मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये. शीर्षक रंग भरते, वातावरण उभे करते, क्वचित खोटेही बोलते. ‘स्टील आर्टिफॅक्ट’चे शीर्षक चोरीचे आहे, त्याचा मजकूर ताब्यापलीकडे काही बोलत नाही. ‘कंट्रोल मॅजिक’च्या पहिल्या छपाईत तर, ताब्यातला जीव नष्ट झाला तर तो मालकाच्या स्मशानात जाईल, हे मुद्दाम छापलेले होते. कोणता चोर चोरलेल्या मालावर मूळ मालकाचा पत्ता लिहून ठेवतो? ओकोचे उदाहरण आणखी बोलके आहे. नावाने तो चोर, आणि एकाच्या बदल्यात दुसरा जीव अदलाबदलीने घेण्याची शक्ती त्याच्या अंगी आहेही. पण खेळाडू ज्याला कंटाळले ते त्याचे दुसरेच काम होते : समोरचा कोणताही जीव वा वस्तू गुणहीन काळविटासारख्या प्राण्यात बदलून टाकणे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्टँडर्ड’ प्रकारात त्याच्यावर बंदी आली. बदनामी चोराची, उपद्रव जादूगाराचा!

आता ताबा प्रत्यक्षात चालतो कसा ते पाहू, कारण आरोप करणारे बहुधा इथपर्यंत वाचतच नाहीत. ‘कंट्रोल मॅजिक’ समोरच्याच्या जिवाला चिकटून राहते. चिकटलेले आहे तोवर ताबा. कुणी ‘डिसएन्चॅन्ट’ खेळून ते उडवले, की जीव त्याच क्षणी परतीच्या वाटेला लागतो. २००७ च्या ‘सोअर ऑफ टेम्प्टेशन’मध्ये हा बंध एका परीच्या प्राणांशी बांधला आहे : ती रणांगणावर आहे तोवरच ताबा, आणि तिला मारणे फार अवघड नसते. लाल रंगाच्या ‘थ्रेटन’ (२००२) आणि ‘अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन’मध्ये ताबा केवळ त्या पाळीच्या अखेरपर्यंत टिकतो. एरवी नव्याने ताब्यात आलेला जीव त्याच पाळीत हल्ला करू शकत नाही. नव्या धन्याकडे त्याला एक पाळी रुळावे लागते. म्हणून ही लाल कार्डे त्याला उसनी घाईही देतात, नाहीतर एका पाळीच्या ताब्याचा उपयोगच काय? दोन रंगांचे दोन स्वभाव इथे दिसतात. निळा रंग बुद्धीचा. तो मन वळवतो आणि वळवलेले धरून ठेवू पाहतो. लाल रंग आवेगाचा. त्याच्या भरीस पडलेला संध्याकाळी शुद्धीवर येऊन घरी जातो.

एकाच जिवावर दोन दावे आले तर? नंतरचा दावा वरचढ ठरतो, पण आधीचा पुसला जात नाही. समजा, माझा जीव तुम्ही ‘कंट्रोल मॅजिक’ने घेतला. माझ्या पाळीत मी ‘अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन’ खेळून माझाच जीव एका पाळीपुरता परत आणला. पाळी संपली, की तो पुन्हा तुमच्याकडे जाईल, कारण तुमचा दावा खाली दबलेला होता, मेलेला नव्हता. तुमचे ‘कंट्रोल मॅजिक’ उडाले, तर त्याखालचा माझा मूळ दावा उघडा पडेल. आणि त्या जिवावर मी आधी बळ वाढवणारे एखादे कार्ड चिकटवलेले असेल, तर जीव तुमच्याकडे गेला तरी त्या चिकटलेल्या कार्डाचा ताबा माझ्याकडेच राहतो. जमिनीच्या वादात हयात घालवलेल्या कोणत्याही मराठी घराला यातले काहीच परके वाटू नये. मालक एक, कसणारा दुसरा, गहाण तिसऱ्याकडे, झाडाचे आंबे चौथ्याचे : हक्कांचे असे थर आपल्याकडच्या घराघरांत बोलले गेलेले आहेत. चोरीत थर नसतात.

माझ्या मते या साऱ्याचे मर्म एका सर्वनामात आहे. कार्डांवरचा मजकूर ‘तुम्ही’ला उद्देशून असतो : तुम्हाला अमुक मिळेल, तुम्ही तमुक गमवाल. हा ‘तुम्ही’ कोण? रणांगणावरच्या कार्डाचा ‘तुम्ही’ म्हणजे त्याचा ताबाधारक, मालक नव्हे. १९९५ चे ‘इल्यूजन्स ऑफ ग्रँजर’ हे कार्ड घ्या. ते रणांगणावर येते तेव्हा ‘तुम्हाला’ २० लाइफ मिळतात. ते जाते तेव्हा ‘तुमचे’ २० लाइफ जातात. शिवाय ते टिकवायला प्रत्येक पाळीत वाढता माना मोजावा लागतो. म्हणजे हे एक महागडे कर्ज. मग १९९९ मध्ये ‘डोनेट’ आले : तुमच्या ताब्यातली एखादी गोष्ट दुसऱ्याच्या ताब्यात द्या. खेळाडूंनी दोन आणि दोन चार केले. आधी ‘इल्यूजन्स’ खेळून आपण २० लाइफ घ्यायचे, मग ते कार्ड समोरच्याला दान करायचे. आता टिकवण्याचा खर्च त्याच्या माथी. तो थकला, की कार्ड पडते आणि ‘तुमचे’ २० लाइफ जातात. पण ‘तुम्ही’ आता तो आहे! कार्डावरचे एक अक्षरही बदललेले नाही. बदलला तो संबोधित. २००० च्या सुमारास या जोडीवर उभारलेला कॅट स्पर्धांत गाजला होता. चोरी म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे : इथे चोर कोण? इथे तर कुणी काही घेतलेच नाही, उलट दिले. ज्या यंत्रणेने घेता येते त्याच यंत्रणेने देता येते, आणि देणे घेण्याहून घातक ठरू शकते. ‘चोरी’ या शब्दात हे मावत नाही. ‘ताबा’ या शब्दात सहज मावते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. तो असा : ‘अ‍ॅक्ट ऑफ ट्रीझन’ने जीव एका पाळीपुरता घेतला, त्याच्याकरवी मालकावरच हल्ला करवला, आणि परत करण्याची वेळ यायच्या आत दुसऱ्या एखाद्या कार्डासाठी त्याचा बळी दिला. मालकाला परत मिळाले ते स्मशानातले कार्ड. घोडा मागून न्यावा आणि कातडे परत करावे, अशातला हा प्रकार. हे खरे आहे, आणि ते सोसणाऱ्याला झोंबते हेही खरे. पण झोंबते नेमके काय, ते तपासू. तोच जीव मी एखाद्या संहारक मंत्राने सरळ मारला असता तर तोही मालकाच्या स्मशानातच गेला असता, आणि त्यावर कुणी ब्र काढला नसता. म्हणजे दुःख नुकसानीचे नाही. दुःख आपल्याच माणसाने उलटण्याचे आहे. ज्याला वाढवले, ज्याच्यावर माना खर्चला, तोच तलवार घेऊन समोर उभा राहावा, हे दुःख महाकाव्यांइतके जुने आहे आणि ते चोरीच्या तक्रारीहून कितीतरी मोठे आहे. ज्या खेळात हे दुःख घडूच शकत नाही तो खेळ सभ्य असेल. पण त्यात नाट्य उणे राहील. खेळातून फितुरी वगळा म्हणणारे लोक नाटकातून खलनायक वगळा म्हणणाऱ्यांचे सख्खे भाऊ आहेत.

काही कार्डे अतिरेकी ठरली, हेही मान्य करायला हवे. २०१९ चे ‘एजंट ऑफ ट्रेचरी’ रणांगणावर येताच समोरची कोणतीही एक गोष्ट घेते, आणि या ताब्याला मुदतच नाही. शिवाय मालकी नसलेल्या, पण ताब्यात असलेल्या तीन गोष्टी जमल्या, की पाळीच्या अखेरीस तीन कार्डे उचलायला मिळतात. (ताबा आणि मालकी यांतला फरक इतक्या उघडपणे मोजणारे दुसरे वाक्य मला तरी आढळले नाही.) १ जून २०२० रोजी ‘स्टँडर्ड’मध्ये त्याच्यावर बंदी आली. चोरीविरोधकांना हा आपला विजय वाटतो. पण त्या वेळी घडत काय होते? सात माना मोजून खेळायचे हे कार्ड इतर कार्डांच्या मदतीने किंमत न मोजता फार लवकर रणांगणावर उतरवले जात होते. दोष ताब्याचा नव्हता; फुकटात मिळालेल्या ताब्याचा होता. ताब्याला किंमत आणि तोडण्याची वाट, या दोन्ही गोष्टी हव्यात, एवढाच त्या बंदीचा धडा.

आता तो मघाचा जुना अपवाद. या खेळात खरी मालकी पणाला लागत होती असा एक काळ होऊन गेला. १९९३ च्या नियमपुस्तिकेत ‘अँटी’ होती : डाव सुरू होताना प्रत्येकाने कॅटमधले एक कार्ड बाजूला ठेवायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही कायमची घरी न्यायची. या पणाशी खेळणारी एकूण नऊ कार्डे निघाली. १९९४ च्या ‘टेम्पेस्ट इफ्रीट’सारखी त्यांतली काही तर डावाच्या मधेच कार्डांची मालकी बदलत, आणि हा बदल डाव संपल्यावरही टिकायचा. म्हणजे पैसे मोजून घेतलेले कार्ड खरोखरच दुसऱ्याच्या खिशात जायचे. शेवटचे असे कार्ड १९९५ मध्ये छापले गेले. त्यानंतर एकही नाही. अधिकृत स्पर्धांत ही नऊही कार्डे निषिद्ध आहेत, आणि नियमपुस्तक पण लावून खेळण्याला आता केवळ एक ऐच्छिक प्रकार मानते, तोही जिथे कायदा आड येत नाही तिथेच. चोरीच्या जवळ जाणारे या खेळात काही असेल तर ते हे होते. आणि त्याच्या शीर्षकांत चोरीचा उल्लेखही नव्हता. खेळाने ते स्वतःच्या हाताने छाटले. मालकी अशी सुरक्षित झाल्यावरच ताब्याचा खेळ निर्धास्तपणे खेळता येऊ लागला. डाव संपला, की प्रत्येकाने आपापली कार्डे वेचायची. चार-चार जण मिळून खेळतात त्या ‘कमांडर’ प्रकारात (जिथे चोरीची ओरड सर्वांत मोठी असते) तर नियम असा, की एखादा खेळाडू डावातून बाद झाला वा उठून गेला, तर त्याच्या मालकीची सगळी कार्डे, ती कुणाच्याही ताब्यात असोत, त्याच्याबरोबर डावाबाहेर जातात. अहो, त्याला घरी जायचे असते! आणि ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांच्यासाठी २०११ पासून ‘होमवर्ड पाथ’ आहेच : एक भूमी आडवी करा, आणि प्रत्येकाला आपापल्या मालकीचे जीव परत.

मालकी हीदेखील आकाशातून पडलेली गोष्ट नाही, एवढे इथे नमूद करतो, नाहीतर माझ्यावर मालकशाहीचा आरोप यायचा. खेळात ‘टोकन’ नावाचे जीव असतात. ते कुणाच्याच कॅटमधून येत नाहीत, एखाद्या कार्डाच्या परिणामातून जन्मतात. त्यांचा मालक कोण? २००९ पर्यंत उत्तर होते : ज्याच्या परिणामाने जन्मले तो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला टोकन भेट द्यावे आणि नंतर ‘ब्रँड’ हे कार्ड खेळून ‘माझ्या मालकीचे सगळे माझ्या ताब्यात’ म्हणत परत ओढून घ्यावे, अशी युक्ती चालत असे. २००९ च्या नियमबदलाने उत्तर फिरवले : ज्याच्या ताब्यात ते प्रथम रणांगणावर आले तो मालक. निर्माता कोण यापेक्षा पहिला धारक कोण, याला महत्त्व आले. मालकी ही व्याख्या आहे, आणि व्याख्या बदलता येते. पण ती बदलायची तर उघडपणे, नियम लिहून बदलावी लागते. शब्दांची सरमिसळ करून नव्हे.

आता आपल्या अंगणात येऊ. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७ चा. तेव्हापासून, आणि आपल्याकडे जरा उशिरा, चर्चासत्रांत एक वाक्य हमखास ऐकू येते : संहिता प्रसिद्ध झाली, की तिच्यावर वाचकाची मालकी. टाळ्याही मिळतात. दुसऱ्या फळीतले मान्यवर यावर चवताळून उठतात आणि नव्या वाचनाला दरोडा ठरवतात : आमच्या कवीचे आमच्याकडून चोरले! ही दोन्ही माणसे एकमेकांची वैरी समजली जातात. माझ्या मते ती एकाच चुकीच्या दोन बाजूंना बसली आहेत. दोघांनाही ताबा दिसत नाही, फक्त मालकी दिसते. म्हणून एकाला ती हिसकावायची आहे आणि दुसऱ्याला ती राखायची आहे.

वाचकाला मिळतो तो ताबा. मी कविता वाचत असतो तेव्हा तिच्यातला ‘तू’ मी असतो, किंवा तिच्यातला ‘मी’ मी असतो. तिची वाक्ये माझ्या बाजूने लढतात, प्रसंगी लिहिणाऱ्यावरच उलटतात. हा अधिकार खरा आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण त्याला मुदत आहे. माझे वाचन संपते आणि कविता माझ्या खुणा न घेता पुढच्या वाचकाकडे जाते. नवे वाचन काही काळ वरचढ ठरते. जुने त्याखाली दबते, मरत नाही, आणि नव्याचा आधार निसटला की पुन्हा उघडे पडते. कवितेचा ताबा एकाच वेळी हजारो जणांकडे असू शकतो, कार्डाचा नाही. तिथे उपमा थांबते, हे मला मान्य आहे. पण ताबाधारकाने मालकाच्या थाटात बोलू नये आणि मालकाने ताब्याला चोरी म्हणू नये, एवढे शिकायला ती पुरेशी आहे. एका खेळाच्या नियमपुस्तकाला जे वेगळे ठेवता येते ते आपल्या समीक्षेला येऊ नये, ही मला नामुष्कीची गोष्ट वाटते.

शेवटी एका कार्डाविषयी, कारण ताब्याचा प्रश्न तिथे टोकाला जातो. २००३ च्या ‘माइंडस्लेव्हर’ने जीव किंवा वस्तू नव्हे, खुद्द समोरच्या खेळाडूचाच ताबा मिळतो, त्याच्या पुढच्या एका पाळीपुरता. त्या पाळीत त्याचे हातातले पत्ते तुम्ही पाहता, त्याचे सगळे निर्णय तुम्ही घेता. त्याचा चांगला मंत्र त्याच्याच जिवावर टाकून तो वाया घालवता. याहून संपूर्ण ताबा या खेळात नाही. पण वाचनाच्या दृष्टीने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली : कार्डाचा ताबा गेला, की त्यावरचा ‘तुम्ही’ बदलतो, माणसाचा ताबा गेला तरी त्याच्या कार्डांवरचा ‘तुम्ही’ तोच राहतो. निर्णय तुमचे असले तरी पाळी त्याची असते, माना त्याचा असतो. दुसरी : ताबा घेणारा त्याला काहीही करायला लावू शकतो, पण त्याच्या वतीने डाव सोडू शकत नाही. आणि तो स्वतः मात्र, ताब्यात असतानाही, हवे तेव्हा पत्ते खाली ठेवून “हरलो” म्हणत उठून जाऊ शकतो. ज्याने तो नियम लिहिला त्याला ठाऊक होते, की ताबा कितीही पूर्ण असला तरी माणसाजवळ काहीतरी राहते, आणि नेमके काय राहते हे लिहून ठेवावे लागते.

हे सगळे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याला ते फारसे पटले नाही. ज्याचा कॅट होता त्या मित्राला विचारतो, म्हणाला. विचारावे. माझी मागणी एवढीच आहे, की पुढच्या खेपेस त्यांनी ती कार्डे बाहेर ठेवायची ठरवले, तर महाग आहेत म्हणून ठेवावीत, कंटाळवाणी आहेत म्हणून ठेवावीत, हरवतात म्हणून ठेवावीत. चोरी म्हणून ठेवू नयेत. आणि तासाला खेळायचे नाही, हा नियम मात्र कायम आहे.